सातवी ‘क’चा पास

आंबर्डेकर सरांना कुठलीच वस्तू वाया गेलेली खपत नसे. खडूचा शेवटचा तुकडा बोटात धरता येईनासा होईपर्यंत ते फळ्यावर घासत, आणि चाचणीचे उरलेले पाठकोरे कागद कापून त्यांच्या चिठ्ठ्या करून ठेवत. अशा माणसाच्या गळ्यात शाळेची शिस्त समिती पडली नसती तरच नवल.

शाळा घणसोलीत, तळवली गावाला अगदी खेटून. गावातल्या जुन्या घरांतली मुलं, मार्केटात माथाडी काम करणाऱ्या सातारकरांची मुलं आणि सोसायट्यांतली नोकरदारांची मुलं तिथे एका बाकावर बसत. सरांची मुलगी क्षिप्राही तिथेच, सातवी ‘ब’मध्ये. त्या वर्गाला गणित सरांचंच होतं. त्यामुळे घरात एक कायदा होता. फाटकाच्या आत सरांना ‘सर’ म्हणायचं, फाटकाबाहेर ‘बाबा’. क्षिप्रा तो तंतोतंत पाळायची. शाळा सुटली की फाटकाबाहेरच्या गटारावरची फरशी ओलांडून पलीकडे पाय टेकायची आणि दिवसभर धरून ठेवलेला श्वास सोडावा तशी जोरात ओरडायची, “बाबा!” सर डोळे वटारायचे. पण त्या हाकेसाठी ते फरशीवर पाऊलभर रेंगाळायचे, हेही खरं.

दिवाळीची सुट्टी संपली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मुलींच्या बाथरूमवर संक्रांत आली. आधी नळ उखडला. मग फ्लशच्या टाकीच्या झाकणाचे तुकडे झाले. एकदा कागदाचे बोळे कोंबून भांडं तुंबवलं आणि ते पाणी खालच्या मजल्यावर मुख्याध्यापिका बाईंच्या टेबलावर ठिबकलं. शेवटी मुख्य दाराची कडी गेली, खिळ्यांसकट. सरांनी ती हातात घेऊन पाहिली. दाराला बाहेरून लाथ बसल्याची खूण नव्हती. कडी आतून ओढून काढलेली होती, जणू कुणाला ती उघडायला जमतच नव्हती.

“बाई, हे आतून झालंय,” सर म्हणाले.

“आतून झालं काय आणि बाहेरून झालं काय, तुटली ना?” बाई म्हणाल्या. “मला उपाय सांगा.”

सरांनी उपाय काढला. बाकीच्या मजल्यांवरची मुलींची बाथरूमं कुलूपबंद, दुसऱ्या मजल्यावरचं एकच चालू. प्रत्येक वर्गात फळ्याशेजारी एक पास. जाणारीने तो गळ्यात घालायचा आणि बाथरूमच्या दारापाशी बसणाऱ्या शिपाईणीच्या, बाळाबाईच्या, हातात द्यायचा. बाळाबाई तो दाराशेजारच्या खिळ्यावर अडकवणार. खिळा एकच. त्यावर पास आहे तोवर दुसरीने आत जायचं नाही. वेळ पाच मिनिटं. आणि परत येताना पास गळ्यात नसेल, तर वर्गात घ्यायचं नाही.

नियम चोख होता. पास छापायला कोपरखैरण्याच्या विपुलकडे टाकले. वर्गांची यादी नव्याने टाइप करण्याऐवजी सरांनी तीन वर्षांपूर्वी ओळखपत्रांसाठी पाठवलेली जुनी यादी शोधून तीच पुढे ढकलली. दहा वर्ग, आणि पास आले अकरा. अकरावा ‘इयत्ता ७ वी क’.

सातवी ‘क’ ही तुकडी आता नव्हतीच. पट घसरल्यावर ती बंद करून मुलं ‘अ’ आणि ‘ब’मध्ये वाटली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत मोडके बाक भरून ठेवले होते. सिताराम शिपायाला पास वाटायला सांगितलं होतं, त्याने आज्ञाधारकपणे त्या खोलीचं कुलूप उघडून तिथल्या फळ्याशेजारीही एक खिळा ठोकला आणि पास लटकवून टाकला.

“लिस्टमधी होतं म्हणून लावला सर. काढू काय?”

सर मनापासून हसले. “राहू दे. कुणाचा हरवला तर जास्तीचा कामाला येईल.”

पहिला आठवडा दृष्ट लागण्यासारखा गेला. नळ जागेवर, कडी जागेवर, फरशी कोरडी. पालकसभेत बाईंनी सरांचं नाव घेऊन कौतुक केलं. सर खाली बघत बसले, पण कान त्या कौतुकाकडेच होते.

दुसऱ्या आठवड्यात घरी सुमेधाने, त्यांच्या बायकोने, क्षिप्राची निळी बाटली सिंकमध्ये उपडी केली. काठोकाठ भरलेली होती.

“सुधीर, ही रोज अशीच परत येते. सकाळी भरते मी, संध्याकाळी ओतते.”

क्षिप्राला बारीक ताप होता. लघवीला जळजळ होतेय, हे तिने आईला कानात सांगितलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि चष्म्यावरून सरांकडे बघितलं. “मुलगी पाणी पीत नाही आणि धरून ठेवते. हे असंच चाललं तर किडनीवर जाईल. जेव्हा जावंसं वाटेल तेव्हा जाऊ द्या तिला.”

घरी आल्यावर सुमेधाने आवाज न चढवता विचारलं, “तुझ्या शाळेत मुलींना बाथरूमला जाऊ देत नाहीत का?”

“देतात की. नंबर लागला की जायचं.”

“मग हिचा का लागत नाही?”

क्षिप्रा गादीवर पाय पोटाशी घेऊन पडली होती. “बाबा, खिळ्यावर कायम पास असतो.”

“कुणाचा?”

“सातवी ‘क’चा.”

सर हसायला गेले, पण हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला ते दुसऱ्या मजल्यावर गेले. बाळाबाई स्टुलावर बसून चंचीतली सुपारी कातरत होती. ती मूळची साताऱ्याकडची, नवरा मार्केटात माथाडी. अक्षरओळख बेतास बात, पण आकडा आणि अ-ब-क नीट ओळखायची, आणि खोटं बोलायची तिला सवय नव्हती. तिच्या डोक्याशी खिळ्यावर पास लटकत होता. इयत्ता ७ वी क. त्याच्या फितीच्या टोकावरून पाण्याचा थेंब पडला, थोड्या वेळाने दुसरा पडला. खाली फरशीवर हातभर ओल होती.

“बाळाबाई, हा पास कुणी आणला?”

“सातवी कच्या पोरीनं. रोजच येती की. लई येळ लावती बगा. बाकीच्या पोरी वाट बगून बगून माघारी जात्यात.”

“सातवी ‘क’ नाहीये आपल्याकडे.”

बाळाबाईने अडकित्ता खाली ठेवला. “मग मी कुनाच्या हातनं पास घेती सर?”

“तोंड पाहिलंत तिचं?”

“मान खाली घालून येती. येनी वली असती.” तिने आपल्या तळव्याकडे पाहिलं. “हात गार लागतो.”

“दार वाजवा.”

मुलींच्या बाथरूमच्या दाराला सर हात लावणं शक्यच नव्हतं. पुरुष शिक्षकाने त्या दाराकडे पाहतसुद्धा जाऊ नये, असा शाळेचा रिवाज होता आणि तो योग्यच होता. बाळाबाईने बोटाच्या पेरांनी दार वाजवलं. आत पाणी पडत होतं, ते थांबलं.

“झालं मावशी,” आतून आवाज आला. बारीक, शहाण्या मुलीचा. “पाचच मिनिटं.”

सर घड्याळ धरून उभे राहिले. पाच झाली, दहा झाली. तास संपल्याची घंटा झाली, मुलींचा लोंढा जिन्यात आला, आणि त्यांना वाट द्यायला सर भिंतीकडे सरले. पुन्हा वळून पाहिलं तर खिळा रिकामा होता आणि दार उघडं होतं.

त्यांनी सितारामला गाठलं आणि तिसऱ्या मजल्यावरची खोली उघडायला लावली. कुलूप गंजलेलं, किल्ली फिरवताना सितारामचे दोन्ही हात लागले. आत मोडक्या बाकांवर बोटभर धूळ. फळ्याशेजारी खिळ्यावर पास, आणि त्याखाली धुळीत थेंबांनी पाडलेले काळे ठिपके.

कुणीतरी चावट कार्टी दुसरी किल्ली करून घेऊन फिरतेय, एवढाच याचा अर्थ. सरांनी स्वतः नवं कुलूप आणून लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. खोलीतला पास मात्र तिथेच राहू दिला. चोर रंगेहाथ पकडायचा तर आमिष हवं, असा त्यांचा हिशोब होता. आपली पोर तापाने मलूल झालीय आणि आपण कोडी सोडवत बसलोय, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

गुरुवारी चौथ्या तासाला, समीकरणाच्या मधोमध, क्षिप्रा उभी राहिली. चेहरा पांढरा पडला होता.

“सर, जाऊ का?”

वर्गाने सरांकडे पाहिलं. आपल्या मुलीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून त्यांनी मुद्दाम थोडा वेळ घेतला. मग मान हलवली. ती पास घालून गेली आणि लगेच परत आली.

“खिळ्यावर पास आहे सर.” ती खाली बसली आणि तिने बाकावर कपाळ टेकलं.

शेजारची अबोली म्हणाली, “सर, ती रडतीये.”

सरांची किल्ली सरांच्या खिशात होती. त्यांनी ती चाचपून पाहिली, आणि मग त्यांचा जो पारा चढला तो त्यांनाच आवरेना. क्षिप्राला चल म्हणाले आणि ताडताड बाथरूमपाशी आले. खिळ्यावरून पास ओरबाडला. बाळाबाईच्या मांडीवरचा अडकित्ता उचलला.

बाळाबाई उठून उभी राहिली. “सर, नगा. आत हाय ती. भाईर आल्याव काय करायचं ते करा.”

“आत कुणी नाही, बाळाबाई!”

“पास नसला तर ती माघारी कशी जायाची?”

सरांनी पासाचे चार तुकडे केले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. आतलं पाणी थांबलं. बाळाबाईने दार ढकलून पाहिलं. ते अलगद उघडलं. आत कुणीच नव्हतं.

“बघा,” सर म्हणाले. त्यांना इतकं हलकं वाटलं की ते क्षिप्राकडे बघून हसले, शाळेत असूनही. “जा बाळा. मोकळं आहे.”

क्षिप्राने स्वतःचा पास बाळाबाईच्या हातात दिला. दारात ती क्षणभर घुटमळली. “तुम्ही इथेच थांबाल?”

“थांबतो.”

आतून कडी लागली.

सर थांबले. घड्याळ पाहिलं नाही, तरी त्यांना माहीत होतं. बरोबर पाच मिनिटांनी कडी निघाली आणि ती बाहेर आली, मान खाली घालून. वेणी भिजलेली होती. तिने पास घेतला, गळ्यात घातला.

“झालं, सर.”

“तोंड धुतलंस वाटतं?” सर म्हणाले. एवढीशी तर गोष्ट होती, आणि पोरीचे दहा दिवस हाल केले आपण, या विचाराने त्यांना भरून आलं.

बाळाबाई मात्र पास दिलेल्या हाताचा तळवा पदराला पुसत उभी होती.

शाळा सुटल्यावर फाटकाबाहेरच्या फरशीवर सर नेहमीसारखे रेंगाळले. ती फरशी ओलांडून पलीकडे गेली, वळली आणि हात पुढे करून म्हणाली, “बॅग धरू का, सर?”

रागावलीये, त्यांनी मनाशी म्हटलं. रागावायचा हक्कच आहे तिला.

घरी ती एकामागून एक चार ग्लास पाणी प्यायली. सुमेधाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मुलगी बाथरूमच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

“सर, जाऊ का?”

सुमेधा हसली. “घ्या! चांगली शिस्त लावलीस.”

मुलगी तशीच उभी राहिली. भाजी फोडणीला पडली, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, तरी ती उभी. शेवटी सर म्हणाले, “जा,” तेव्हा ती गेली.

ताप उतरला. रिपोर्ट स्वच्छ आला. डॉक्टर खूश, सुमेधा खूश. रोज बाटली रिकामी येत होती. फक्त ती घरातही ‘सर’च म्हणत होती, आणि नव्या वहीला कव्हर घातल्यावर तिने लेबलवर वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘इयत्ता ७ वी क’. सरांनी ते लेबल नखाने खरवडून काढलं. तिने शांतपणे दुसरं चिकटवलं आणि पुन्हा तेच लिहिलं.

सोमवारी मधल्या सुट्टीत बाळाबाई स्टाफरूमच्या दारात आली. अशी ती कधी येत नसे.

“सर, एक इचारू? रागवू नगा. तुमची पोर घरी तुमास्नी काय म्हनती?”

“का?”

“आतनं कुनीतरी सकाळधरनं बाबा बाबा करतंय.”

त्या दिवशी सर पहिल्यांदा त्या दारातून आत गेले. कुणी पाहतंय का, हेही त्यांनी पाहिलं नाही. आत दोन्ही संडास रिकामे होते. फरशी कोरडी ठणठणीत. बेसिनच्या कडेवर निळी बाटली होती, काठोकाठ भरलेली. तशीच बाटली सकाळी सुमेधाने त्यांच्यादेखत भरून मुलीच्या दप्तरात ठेवली होती.

ते बाहेर आले. दार मागे लोटलं गेलं.

आतून कडी लागली.

“बाबा?”

सगळ्या शाळेदेखत त्यांनी दाराला दोन्ही हात लावले. “क्षिप्रा! कडी काढ!”

“निघत नाहीये, बाबा. निघाली तरी उपयोग नाही. पासशिवाय वर्गात घेत नाहीत ना.”

दार उघडायला ते आणि बाळाबाई दोघं लागले. ते उघडलं तेव्हा कडी सैल लटकत होती आणि आत कुणी नव्हतं.

कचऱ्याच्या डब्यातले तुकडे गुरुवारीच गाडीने नेले होते. सरांनी अर्धी रजा टाकली आणि रिक्षाने कोपरखैरणे गाठलं. विपुलने कॉम्प्युटरवर जुनी फाइल उघडली. “सातवी क? एकच? अर्ध्या तासात देतो, सर. टेन्शन नका घेऊ.”

शाळा सुटायच्या आत ते परतले. नवा कोरा पास त्यांनी दोन्ही हातांनी खिळ्यावर अडकवला.

“क्षिप्रा, पास आणलाय,” ते दाराशी म्हणाले. “ये बाळा. घे आणि ये.”

आत कडी खुडखुडली. पुन्हा खुडखुडली.

शेजारून एक गार हात पुढे आला आणि त्याने खिळ्यावरचा पास अलगद काढला. तिने तो गळ्यात घातला, फीत नीट केली.

“थँक्यू सर,” ती म्हणाली. “माझा हरवला होता.”

सरांनी तो तिच्या गळ्यातून ओढायला हात उचलला. जिन्यात मुली उभ्या होत्या. समोर त्यांच्याच मुलीचा चेहरा होता, तापातून उठलेला, गाल भरलेले. तो हात तसाच खाली आला. त्यानंतर त्यांनी विपुलकडून आणखी तीन पास छापून आणले. तिन्ही तिच्या दप्तरात आहेत.

घरी काय सांगणार? मुलगी घरात होती, जेवत होती, पाणी पीत होती. सुमेधाला सांगायचा त्यांनी एकदा प्रयत्न केला. तिने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, “तू चार दिवस रजा घे.”

बाथरूमची नासधूस पुन्हा सुरू झाली. आधी नळ, मग झाकण, मग कडी. बाईंनी सरांना बोलावून घेतलं.

“तुमचा पासबिस झाला सगळा. आता ते बाथरूमच नको. दार काढून भिंत घालून टाकू. मुलींना तळमजल्यावरचं एक उघडून देऊ, जेवणाच्या सुट्टीपुरतं.”

“नको, बाई.”

“का नको?”

गणिताच्या मास्तराला सांगता येईल असं त्यांच्यापाशी काहीच नव्हतं.

शनिवारी दुपारी गवंडी आला. विटा दुसऱ्या मजल्यावर चढल्या, सुताराने बिजागऱ्या सोडवल्या. बाळाबाईने स्टूल उचलून जिन्याशी नेलं आणि भिंतीकडे पाठ करून बसली. सर तिथेच उभे होते, सकाळपासून. मुलगी त्यांच्या शेजारी उभी होती, गळ्यात पास घालून.

भिंत वरपर्यंत आली तेव्हा सुताराने कडेला टेकवलेलं दार न्यायला आडवं केलं, तशी आतली बाजू उजेडात आली. बाईंनी चष्मा वर केला.

“बघा! कर्कटकाने कोरून ठेवलंय. फळीन् फळी खराब केलीय.” त्या वाकून वाचू लागल्या. “बाबा, पाच मिनिटं झाली... बाबा, पाच मिनिटं झाली... सगळीकडे तेच. काय अर्थ आहे याला?”

अक्षर क्षिप्राचं होतं. वरची ओळ तिच्या डोळ्यांच्या उंचीवर होती, ठसठशीत. तिच्याखालची जरा लहान. तशा ओळी एकीखाली एक उतरत गेल्या होत्या, उभ्या मुलीच्या उंचीवरून बसलेल्या मुलीच्या उंचीवर आणि तिथून आणखी खाली. गवंड्याने शेवटची वीट बसवून थापीने तिच्यावर दोनदा ठोकलं.

“सर, जाऊ या का?” मुलीने विचारलं.

सुतार दार घेऊन त्यांच्या समोरून गेला. दाराच्या तळाला, खालच्या कडेपासून वीतभर अंतरावर, शेवटची ओळ अर्धवट राहिली होती, आणि तिच्या कोरीव अक्षरांतून लाकडाचा ताजा भुसा अजून गळत होता.